सरांचा नंबर

वर्गात सरांचे हात कायम पाठीमागे असत. खांद्यावरचा दुपट्टा ते मनगटांभोवती दोन वेढे देऊन धरून ठेवत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, यांना कोणीतरी बांधून उभं केलंय. एखाद्या मुलीने तासभर खपून केलेली मालाची यादी एका चुकीच्या बटनाने पुसली जात असली, तरी सर तिच्यामागे उभे राहून ते होऊ देत. चेहरा कळवळे, मान पुढे जाई, दुपट्ट्याच्या आत बोटं हलत. हात मात्र पुढे येत नसे.

"सर, तुम्हीच करून द्या ना," ती म्हणे.

"मी केलं तं ते मले येईल. मले येतेच."

यादी पुसली जाई, मुलगी रडकुंडीला येई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. दुसऱ्यांदा तिच्याकडून ते बटन दाबलं जात नसे, हे मी स्वतः पाहिलं आहे.

चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, एका भांड्याच्या दुकानावरच्या माळ्यावर त्यांचा वर्ग होता. पूर्वी तिथे टायपिंग शिकवत. टायपिंगच्या परीक्षा बंद झाल्या तेव्हा त्यांनी मशिनी विकून संगणक आणले आणि आजूबाजूच्या धंदेवाल्यांना, त्यांच्या मुलाबाळांना, बचत गटाच्या बायांना संगणक आणि मोबाइल धंद्यासाठी कसा वापरायचा ते शिकवू लागले. जिन्यावरची पाटी मात्र टंकलेखनाचीच राहिली. कोणी म्हटलं की सर, पाटी बदला, तर ते म्हणत, ज्याला यायचं त्याला जिना माहीत आहे.

मी ऊर्जानगरला राहतो, वीज केंद्राच्या हिशेब विभागात नोकरी करतो. जीएसटी आला त्या वर्षी बाजारातले निम्मे दुकानदार घाबरलेले होते. निम्मे हा माझा अंदाज आहे, मोजलेले नाहीत. त्या दिवसांत सर एका ओळखीच्या माणसाकडून पत्ता घेऊन आमच्या क्वार्टरवर आले. मी दार उघडलं तर त्यांनी नाव विचारलं नाही. "तुम्हीच हिशेब का?" असं विचारलं. मी हो म्हणालो. शनिवार-रविवारी वर्गात येऊन पोरांना बिलं आणि कराचा हिशेब शिकवा, असं त्यांचं म्हणणं होतं. मानधनाचं ठरलं, ते नीट मिळत गेलं, त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'हिशेब' झालो. "काय हिशेब, जेवण झालं?" असं ते माझ्या बायकोसमोरही विचारत, आणि ती हसायची.

सगळ्यांनाच ते धंद्यावरून हाक मारत. "ए सायकल, माऊस सोड थोडा वेळ." "शिलाई, तुझा फोन वाजून राह्यला." नावं लक्षात राहत नसतील असं मला आधी वाटलं. पण त्यांना प्रत्येकाचं नाव, गाव, घरी किती माणसं, गावात एसटी किती वाजता येते, सगळं पाठ होतं. ज्या पोराचा अजून काही धंदाच नाही, त्याला ते 'पाहुणे' म्हणत आणि त्याला बाहेरून चहा आणायला पाठवत नसत. पाहुण्याला कोणी कामाला लावतं का, असा त्यांचा हिशेब. एक पोरगा म्हणे केवळ चहा आणायला मिळावा म्हणून पानठेला टाकायच्या गोष्टी करू लागला होता.

पहिला आठवडा संगणकाला कोणी हात लावायचा नाही, असा नियम होता. पोरांना गोल बाजारात पाठवत. प्रत्येकाने एक दुकान धरायचं, समोर उभं राहायचं आणि दुकानदार दिवसभरात तेच ते काम कोणतं करतो ते बघून यायचं. रफीक नावाचा एक विद्यार्थी होता, त्याच्या वडिलांचं शिलाईचं दुकान. तो एका बांगड्यांच्या दुकानासमोर उभा राहिला. दुकानदाराला वाटलं, हा टॅक्सवाला माणूस आहे. त्याने रफीकला बसायला स्टूल दिलं, दोनदा चहा पाजला आणि संध्याकाळी हात जोडून म्हणाला, साहेब, जे असेल ते सांगून टाका. रफीकने वर्गात येऊन सांगितलं, की तो माणूस दिवसभर फोनवर एकाच प्रश्नाचं उत्तर देत असतो, दुकान किती वाजता बंद होतं.

"मंग तुझा पहिला धडा तोच," सर म्हणाले. "त्याचं दुकान नकाशावर टाक, वेळ टाक. त्याच्या तोंडाले आराम दे. संगणक संगणक करता बाप्पा, पण कोणाचं काम कमी कराचं ते तं पाहा."

स्वतः सरांकडे साधा, बटनाचा मोबाइल होता. त्यावर फोन येई, मेसेज येई, बास. यावर पोरं त्यांना चिडवत. ते म्हणत, डॉक्टरनं सगळे रोग स्वतःले करून घ्याचे का.

फोटो काढायला ते असं शिकवत की वस्तूबरोबर करणाऱ्याचा हात दिसला पाहिजे. त्यामुळे वस्तू केवढी आहे ते गिऱ्हाइकाला कळतं, आणि माणसाने केली आहे हेही कळतं. सुरेखा ही एटापल्लीकडच्या एका गावातली बाई, तिच्या गटाच्या बाया जंगलातला मध काढून बाटल्या भरत. तिला हात दाखवायची लाज वाटे. नखं काळी पडलेली, मनगटावर जुनं गोंदण. ती पदरात हात धरून बाटली टेबलावर ठेवी. सरांनी चार वेळा तोच फोटो काढायला लावला.

"हात काऊन लपवून राह्यली? मोहळ त्याच हातानं काढलं ना?"

"हो सर, पण चांगला नाई दिसत."

"मध चांगला दिसते का? चिकट दिसते. लोक तरी घेतात."

शेवटी तिने हात दिसू दिला. पुढे विक्रीच्या साइटवर गिऱ्हाइकं त्या हाताबद्दल लिहीत असत, हे ती मला स्वतः वाचून दाखवी. गावातल्या बायांनाही रविवारी जमवून वाचून दाखवी. कोण नागपूरची, कोण पुण्याची माणसं आपल्या मधाला चांगलं म्हणतात, याचं त्या बायांना काय वाटत असेल ते मी सांगू शकत नाही. सुरेखाला काय वाटे ते मात्र तिच्या वाचण्यावरून कळे. पाच वर्षांत तिच्या दुकानाला जेवढे स्टार मिळाले तेवढे वर्गातल्या कोणाला मिळाले नव्हते. आधी तो मध गावात टेम्पो घेऊन येणारा व्यापारी नेई, तो सांगेल त्या भावाने. त्याच्यापासून सुटायचं म्हणूनच ती आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी असा बसचा प्रवास करून या वर्गात आली होती.

फसवणुकीचा धडा सरांचा सगळ्यात आवडता. कोणालाही, कधीही आपला ओटीपी सांगायचा नाही. हे शिकवून झालं की पुढच्या महिन्यात ते शेजारच्या दुकानाच्या फोनवरून, आवाज बदलून, एकेका विद्यार्थ्याला फोन करत. मी बँकेतून बोलून राह्यलो, तुमचं खातं बंद होणार आहे, आकडा सांगा. जो सांगे त्याने सगळ्या वर्गाला तर्री-पोहे खाऊ घालायचे. रफीकच्या घरी फोन त्याच्या आईने उचलला. तिने बँकेच्या साहेबाला हिंदीत असं काही सुनावलं, की इतक्या म्हाताऱ्या आवाजात चोऱ्या करता, अल्लाला भ्या जरा. सर दुसऱ्या दिवशी वर्गात ते साभिनय सांगत होते आणि हसताना त्यांच्या डोळ्यात पाणी आलं होतं. आवाज बदलला तरी म्हातारा कळलो, याचं त्यांना फार वाटलं.

म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मेळ मला अजून लावता येत नाही.

पोंभुर्ण्याकडची एक मुलगी मोबाइलवरून कापडी पिशव्या विकायची. वर्षभरात तिचं चांगलं बस्तान बसलं. मग तिचं लग्न झालं. सिम भावाच्या मोबाइलमध्ये होतं, ते माहेरी राहिलं. भावाने रिचार्ज केला नाही, नंबर बंद पडला आणि काही महिन्यांनी कंपनीने तो दुसऱ्याच कोणाला देऊन टाकला. तिचं दुकान, गिऱ्हाइकं, सगळं त्या नंबराला बांधलेलं. ती नवऱ्याला घेऊन वर्गात आली, पण त्या नंबराशिवाय ते दुकान सरांनाही उघडता आलं नाही. हे तिच्या एकटीचं नव्हतं. आमच्याकडे सिम माणसाचं नसतं, घराचं असतं. मिरची तोडायला तेलंगणात गेलेला नवरा ते बरोबर घेऊन जातो. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत रिचार्ज राहून जातो. हे सगळं सरांना ठाऊक होतं. पण त्या मुलीचा चेहरा पाहिल्यावर त्यांनी जो उपाय काढला तो त्यांच्या सगळ्या शिकवण्याच्या उलटा होता.

"खात्यात नंबर माझा टाका," त्यांनी वर्गाला सांगितलं. "मी कुठी जात नाई. माझा नंबर बंद पडत नाई."

मी हिशेबातला माणूस. सगळ्या कुलपांची एकच किल्ली एकाच माणसाकडे असू नये, हे आम्हाला पहिल्यांदा शिकवतात. मी त्यांना बाजूला घेऊन तसं म्हणालो. एकदा नाही, बरेचदा म्हणालो. "सर, ओटीपी कोणाला सांगू नये असं तुम्हीच शिकवता."

"मी कोणाले इचारतो का? मी सांगतो."

यावर ते स्वतःच खूश झाले, आणि विषय संपला. माझं म्हणणं बरोबर होतं. त्याचा पुढे कोणालाही काही उपयोग झाला नाही.

काही वर्षं ते सुरळीत चाललं, हेही लिहिलं पाहिजे. कोणाला खात्यात शिरायचं असलं, बँकेचं काही बदलायचं असलं, की आकडे सरांच्या मोबाइलवर येत. मग त्याचा फोन येई. सर चष्मा लावत, मोबाइल हातभर लांब धरत आणि दोन-दोन आकडे करून सावकाश सांगत. जेवत असले तर डाव्या हाताने धरून सांगत. मोबाइल टुणटुणला की त्यांचा चेहरा उजळे. कुठेतरी कोणाचं तरी दुकान उघडलं, एवढंच त्यांना त्यातून कळे. मला वाटतं, तेवढं कळण्यासाठी त्यांनी हे सगळं अंगावर घेतलं असावं. ज्यांनी कधी कोणाच्या कीबोर्डला हात लावला नाही, त्यांचा हात असा प्रत्येकाच्या दुकानाच्या कडीवर राहिला.

मग एका वर्षी त्यांनी मला 'साहेब' म्हणून हाक मारली. मी इकडेतिकडे पाहिलं. त्यांना 'हिशेब' हा शब्द आठवत नव्हता. पुढच्या आठवड्यात परत आठवला, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. नंतर एकदा ते गोल बाजारात पोरांना घेऊन गेले आणि परतीची गल्ली त्यांना सापडेना. पोरांनी त्यांना बोलत बोलत आणलं.

रफीकने मला जिन्यावर थांबवलं. "भाऊ, एक सांगाचं होतं. सर आकडे उलटसुलट सांगून राह्यले."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. सगळ्यायले माहीत आहे."

"मग कोणी सांगत का नाही त्यांना?"

"कोण सांगन?" तो म्हणाला. "तुम्ही सांगान?"

पोरांनी आपापसांत मार्ग काढला होता. आकडे दोनदा विचारायचे. दोन्ही वेळा सारखे आले तरच भरायचे. नाहीतर आवाज कटला म्हणायचं आणि नवा मागवायचा. दुपारी फोन करायचा, कारण दुपारी सर घरी असत आणि काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, जवळ असत. काकू त्यांच्या खांद्यामागे उभ्या राहून हळूच आकडे म्हणत आणि सर ते मोठ्याने म्हणत. हे मी एकदा त्यांच्या घरी डोळ्याने पाहिलं. काकूंनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी नंतर नंबर बदलून घेण्याचं बोललो, तर त्या म्हणाल्या, "दिवसभर तो फोन वाजायची वाट पाहतात, भाऊ. तो बंद केला तं काय पाहतीन?"

उन्हाळा सरताना नवा मध येतो. त्याच सुमारास सुरेखाचा मोबाइल पाण्यात पडून गेला. तिने दुसरा घेतला, आणि त्यावर आपलं दुकान उघडण्यासाठी रविवारी दुपारी सरांना फोन केला. काकू वरोऱ्याला बहिणीकडे गेल्या होत्या, म्हणून सर वर्गात होते. मी बाजूच्या टेबलावर पोरांची बिलं तपासत होतो. तिच्या गावात शाळेच्या गच्चीवरच रेंज येते, ती तिथून बोलत होती. सरांचा मोबाइल जुना असल्यामुळे तिचा आवाज मलाही ऐकू येई.

सरांनी आकडे सांगितले. चूक निघाले. तिने परत मागवले, ते आले, त्यांनी सांगितले, तेही चूक निघाले. तिने अगदी अदबीने विचारलं, सर, पुन्हा एकदा म्हणता का, आवाज कटला. सर चिडले. "लिहून घे म्हटलं ना मघाशी." तोवर मी उठून त्यांच्या मागे गेलो होतो. पडद्यावर वेगळे आकडे होते आणि सर वेगळे म्हणत होते. आधीच्या मेसेजमधले दोन आणि नव्यातले बाकीचे. मी मोबाइल घेऊन बरोबर वाचले. तिने ते भरले.

"भाऊ," सुरेखा म्हणाली, "आता खातं बंद केलं म्हणून येऊन राह्यलं."

मी पुढचे दीड-दोन महिने त्या खात्यामागे होतो. ईमेलही सरांच्याच नंबराला बांधलेला. कंपनीला वाटलं, कोणी परका माणूस शिरायला बघतो आहे. त्यांच्या बाजूने ते चूक म्हणता येणार नाही. त्यांनी कागद मागितले. कागद गटाच्या नावाचे, खातं सुरेखाच्या नावाचं, नंबर तिसऱ्याच म्हाताऱ्याचा. प्रत्येक अर्जाला तेच एक वाक्य उत्तर म्हणून येई, आणि खाली कोणाचं नाव नसे. पाच वर्षांचं दुकान गेलं. गिऱ्हाइकांनी लिहिलेलं सगळं गेलं. त्या हंगामाचा मध डब्यांतून गटाच्या बायांच्या घरी पडून होता, तो शेवटी टेम्पोवाला घेऊन गेला, तो सांगेल त्या भावाने.

सुरेखाने सरांना यातलं काही कळू दिलं नाही. रेंज नव्हती सर, होईल ठीक, असं ती फोनवर म्हणत राहिली. पण सरांचे चांगले दिवस चांगले असत. अशाच एका दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. दुपट्टा हातात नव्हता, खुर्चीवर पडला होता.

"हिशेब, त्या दिवशी माझ्यानं चुकलं का?"

मी हो म्हणालो.

त्यांनी खुर्चीवरचा दुपट्टा उचलून खांद्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी रफीककडून सगळ्यांना फोन करवले, की रविवारी या आणि आपापला नंबर टाकून घ्या. मूल, गोंडपिपरी, चामोर्शी, कुठून कुठून पोरं आली. नंबर बदलायलाही आधी जुन्या नंबरावर आकडे येतात. सरांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि सांगितलं, ज्याचं त्यानं वाचावं. स्वतः जिन्यात जाऊन बसले. मोबाइल वाजत होता आणि ते पायरीवर बसून ऐकत होते. संध्याकाळपर्यंत सगळी खाती ज्याची त्याला मिळाली. सुरेखा आली नाही. तिच्याकडे बदलायला काही उरलं नव्हतं.

त्यानंतर तो मोबाइल वाजेनासा झाला.

सर तिला 'मध' म्हणून हाक मारत, ते थांबलं. सुरेखा म्हणू लागले, आणि मला भेटलं की एकच सांगत. "मले तिच्या गावी न्या. फोनवर नाई. तोंडानं सांगाचं आहे, का माझ्यानं चुकलं." मी नेतो म्हणालो. पण पावसाळा लागला होता, तिच्या गावाच्या नाल्यावर पाणी चढलं की दिवस दिवस रस्ता बंद. मग सरांना नागपूरला डॉक्टरकडे न्यावं लागलं. मग माझ्याकडे ऑडिट निघालं. कारणं सगळी खरी होती. एवढ्यात त्यांचे चांगले दिवस कमी होत गेले.

दिवाळीनंतर मी त्यांना गाडीत घालून निघालो. काकूंनी डबा दिला. गोंडपिपरीपर्यंत सर वाक्य घोकत होते. "सुरेखा, माझ्यानं चुकलं. नंबर माझा टाकाले लावाचं नव्हतं." मग मला विचारत, बरोबर आहे ना, का अजून काही जोडू. मी म्हणालो, एवढं पुरे. आष्टीनंतर सूरजागडचे लोहखनिजाचे ट्रक सुरू झाले. एकामागे एक, लाल धूळ, काचा वर करून बसावं लागलं. आलापल्लीचं जंगल लागलं तसं त्यांचं घोकणं थांबलं. एटापल्लीला त्यांनी विचारलं, हे कोणतं गाव. मी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

सुरेखाच्या अंगणात बाज टाकली होती. गटाच्या बाया आल्या होत्या. ती सरांच्या पाया पडली, चहा मांडायला गेली आणि परत येऊन त्यांच्यासमोर खाली बसली. सर तिच्याकडे बघून ओळख नसलेल्या घरी हसतात तसे हसले. मी म्हणालो, सर, सुरेखा. ते हो हो म्हणाले, आणि बाकीच्या बायांकडे बघूनही तसेच हसले.

तिला काही तरी करावंसं वाटलं असेल. तिने मोबाइल काढला आणि नवं खातं उघडलंय त्याचं, शाळेच्या गच्चीवर उघडून ठेवलेलं पान दाखवायला त्यांच्यापुढे धरला. तोच हात, तीच बाटली. खाली स्टार नव्हते, कोणी काही लिहिलेलं नव्हतं. सरांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.

"नवीन आहेस का?"

सुरेखाने माझ्याकडे पाहिलं. मी बोलणार होतो, पण तीच आधी बोलली.

"हो सर. नवीनच आहो."

"भ्याचं नाई. पहिले सगळ्यायचं असंच रिकामं असते." मग त्यांनी विचारलं, "नंबर कोणाचा टाकला?"

"माझाच टाकला सर. सिम बी माझ्याच नावाचं आहे."

"कोणी सांगितलं असं कराले?"

"होते एक सर."

"बरोबर सांगितलं त्यानं," सर म्हणाले, आणि चष्मा काढून खिशात ठेवला. मागे बसलेल्या एका बाईने पदर तोंडाला लावला. सुरेखा चहा उतू जाईल म्हणून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आम्ही जेवून निघालो. सर गाडीत झोपले. आष्टीजवळ वैनगंगेच्या पुलावर ट्रकांची रांग लागली होती, गाडी थांबली तशी त्यांना जाग आली. त्यांनी खाली नदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा एकदम पहिल्यासारखा होता.

"हिशेब, सुरेखाचं गाव अजून किती दूर आहे?"

"आपण जाऊन आलो, सर. आता चंद्रपूरला निघालो आहोत."

"नाई गेलो," ते म्हणाले. "गेलो असतो तं मी तिले सांगितलं असतं ना."

मी ते मनात पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. त्यात चूक काढता येत नव्हती.